दिवाण मोडला म्हणून जवळपास अख्खे डिपॉझिट कापले; एजंटला तसा अधिकार आहे का? समजून घ्या भाड्याच्या घराचा हिशेब

जून-जुलै लागला की यवतमाळच्या दारव्हा रोड, आर्णी रोड, वाघापूर, उमरसरा भागात सामान भरलेले छोटे टेम्पो दिसू लागतात. कॉलेजचे वर्ष संपलेले विद्यार्थी, बदली झालेले शिक्षक, बँकेतले नवे कर्मचारी, वैद्यकीय महाविद्यालयात कंत्राटी नोकरीवर आलेल्या परिचारिका, सगळ्यांची खोली बदलण्याची घाई याच दिवसांत असते. खोली सोडून आठ-दहा दिवस झाले की एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज येतो.

समजा, अशाच एका परिचारिकेला हा मेसेज आला : ‘दिवाण तुटला ११,०००. रंगकाम ४,५००. कूलर २,०००. आलमारीला गंज १,५००. टोटल १९,०००. डिपॉझिट २०,००० होते. बाकी १,००० पाठवले.’ सोबत बिल नाही, फोटो नाही. घरमालकाला फोन केला तर उत्तर मिळते, ‘मी नागपूरला असतो, सगळं एजंटच पाहतात.’ एजंटला विचारले तर, ‘मॅडम, मालकाने सांगितलं तेवढंच कापलं.’

आकडे उदाहरणापुरते आहेत. पण किरायाने राहिलेल्या कोणालाही हा प्रकार नवा वाटणार नाही. महिना ७,००० रुपये किराया भरणाऱ्यासाठी १९,००० म्हणजे जवळपास पावणेतीन महिन्यांचे भाडे. शिवाय नव्या खोलीचे डिपॉझिट याच पैशांतून भरायचे असते. त्यामुळे बहुतेक जण दोन-चार फोन करतात, चिडतात आणि सोडून देतात. एजंटचा सगळा भरवसा या सोडून देण्यावर असतो.

थोडक्यात उत्तर असे : एजंटला स्वतःच्या अधिकारात एक रुपयाही कापता येत नाही. घरमालकाला कापता येतो, पण प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरताच. आणि नुकसान झाले हे दाखवायचे काम पैसे कापणाऱ्याचे आहे. आता हेच जरा तपशिलात पाहू.

डिपॉझिट नेमके कोणाकडे असते?

यवतमाळसारख्या शहरात ‘लेटिंग एजन्सी’ वगैरे थाट नसतो. एजंट म्हणजे कधी प्रॉपर्टी डीलर, कधी झेरॉक्सचे दुकान चालवणारा, कधी शेजारच्याच गल्लीतला ओळखीचा माणूस. मालक पुण्याला किंवा नागपूरला स्थायिक झालेला असतो, किल्ल्या एजंटकडे असतात आणि डिपॉझिटही अनेकदा एजंटच्याच यूपीआय क्रमांकावर जाते.

इथे १८७२ चा भारतीय करार कायदा कामी येतो. एजंट हा मालकाचा प्रतिनिधी असतो. त्याने मालकाच्या वतीने केलेला करार मालकावर बंधनकारक असतो, असे कलम २२६ सांगते. मालकाच्या वतीने मिळालेले पैसे मालकाला पोहोचवणे हे एजंटचे काम आहे, असे कलम २१८ सांगते. म्हणजे ‘मला डिपॉझिट मिळालेच नाही, एजंटला विचारा’ हे मालकाचे उत्तर टिकत नाही. त्याने ज्याला किल्ल्या देऊन बसवले, त्याच्या हातात पैसे दिले म्हणजे मालकाला दिले. त्या दोघांचा आपसातला हिशेब त्यांनी बघावा.

एजंटच्या बाजूनेही एक नियम आहे. कलम २३० नुसार, मालकाच्या वतीने केलेल्या करारासाठी एजंट सहसा व्यक्तिशः जबाबदार नसतो. पण त्याने मालकाचे नाव कळूच दिले नसेल, तर त्याला स्वतःला जबाबदार धरता येते. म्हणून खोली घेताना मालकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर न सांगणाऱ्या एजंटपासून जपूनच राहावे. डिपॉझिट शक्यतो थेट मालकाच्या खात्यात पाठवा. ते जमत नसेल तर यूपीआयच्या नोंदीत ‘अमुक घराचे डिपॉझिट’ एवढे तरी लिहा. नंतर हीच ओळ पुरावा ठरते.

बरेच जण विचारतात, एजंटची तक्रार महारेराकडे करता येते का? भाड्याच्या बाबतीत उपयोग नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातील ‘एजंट’ची व्याख्या प्रकल्पातील घरांच्या विक्रीशी जोडलेली आहे आणि भाडेकरूला त्या कायद्याने ‘अलॉटी’च्या व्याख्येतून बाहेरच ठेवले आहे.

झीज आणि नुकसान यात फरक काय?

सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम १०८ भाडेकरूवर एक जबाबदारी टाकते : जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत परत द्यायची. पण त्याच वाक्यात दोन अपवाद आहेत. एक, वापरामुळे होणारी वाजवी झीज. दोन, माणसाच्या आवाक्याबाहेरची शक्ती, म्हणजे पूर, वादळ, भूकंप वगैरे.

आपल्याकडे बहुतेक घरे भाडेपट्ट्याने नव्हे, तर ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिली जातात. तांत्रिकदृष्ट्या हे कलम त्यांना थेट लागू होत नाही. पण लिव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या मसुद्यात ‘सामान्य झीज वगळता’ हे शब्द असतातच. तुमचा करार उघडून ते शब्द शोधा. सापडले की तुमची अर्धी बाजू तयार झाली.

आता परिचारिकेच्या यादीकडे येऊ.

रंगकाम ४,५०० रुपये. दोन-तीन वर्षे माणूस राहिला तर भिंत मळते, रंग फिका पडतो. ही झीज आहे. भिंतीत डझनभर खिळे ठोकले, तेलाचे ओघळ ठेवले, मुलांनी रेघोट्या मारल्या तर गोष्ट वेगळी. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणी करायची याची यादीच दिली आहे. भिंतींचा रंग, दारे-खिडक्यांचा रंग, नळाच्या पाइपलाइन आणि वायरिंग ही कामे मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, दारांची आणि कपाटांची कुलुपे, खिडक्यांच्या काचा ही कामे भाडेकरूकडे. हा कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो आणि महाराष्ट्रात १९९९ चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्यामुळे ती यादी इथे बंधनकारक नाही. पण वाजवी काय, हे समोरच्याला दाखवायला ती उत्तम आहे. वाद करताना मोबाइलवर ती यादी उघडून ठेवावी.

काही करारांत ‘घर सोडताना एका महिन्याचे भाडे रंगकामासाठी कापले जाईल’ असे कलम असते. तुम्ही त्यावर सही केली असेल तर वाद कठीण होतो. अशक्य मात्र होत नाही, कारण खाली येणारा दंडाचा नियम त्यालाही लागू होऊ शकतो.

कूलर २,००० रुपये. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित कळणार नाही, पण इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि मार्च ते जून कूलर चोवीस तास चालतो. ताट्या दर हंगामात बदलाव्याच लागतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पंप चोंदतो, पत्र्याची टाकी तळातून गंजते. ही सगळी झीज. टाकीत पाणी नसताना पंप चालू ठेवून जाळला, तर तो निष्काळजीपणा आणि पंपाची किंमत भाडेकरूकडे. पंपाची, अख्ख्या कूलरची नव्हे.

आलमारीचा गंजही याच गटातला. लोखंडी आलमारीचे पाय रोज फरशी पुसताना ओले होतात आणि रंगाचा थर सुटला की गंज चढतो. पाच-सात वर्षांच्या आलमारीच्या पायाला गंज नसेल तरच आश्चर्य.

राहिला दिवाण. यादीतली सर्वांत मोठी रक्कम हीच आहे आणि इथे थोडे मटेरियल सायन्स लागते. (इंजिनीअरिंगच्या पदवीचा असाही उपयोग होतो.) यवतमाळ जिल्हा सागवानासाठी प्रसिद्ध, पण किरायाच्या खोलीत सागवानी पलंग कोण ठेवतो? तिथे असतो पार्टिकल बोर्डचा किंवा स्वस्त प्लायचा बॉक्स दिवाण. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिप्स गोंदात दाबून केलेली फळी. तिच्यात ओल शिरली की दाबलेले कण फुगतात, गोंदाची पकड सुटते आणि फळी वाळली तरी पूर्ववत होत नाही. उन्हाळ्यात कूलरचा दमटपणा, पावसाळ्यात भिंतीची ओल. अशा खोलीत ती फळी काही वर्षांत स्क्रूजवळ फुटणारच.

प्लायवर बहुतेक वेळा शिक्का असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण प्लाय, आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, तर आयएस ३०८७ पार्टिकल बोर्डसाठी. फुटलेल्या फळीचा फोटो काढताना तो शिक्काही टिपा. ओलीने फुगलेली कड आणि उडी मारून मोडलेली फळी यांतला फरक सुतार एका नजरेत सांगतो. ओलीने फुगली असेल तर ती झीज. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर मालकाच्या देखभालीचा प्रश्न. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. त्याने ती पाळली नाही, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. मालकाला व्हॉट्सॲपवर ‘भिंतीला ओल येत आहे’ असे एकदा जरी कळवले असेल, तर तो मेसेज जपून ठेवा.

पुराचा मुद्दाही आपल्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. जुलै २०२३ मधल्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगरमध्ये अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली होती. अशा पाण्याने खालच्या मजल्यावरचे फर्निचर गेले, तर त्याची भरपाई भाडेकरूकडून मागता येत नाही.

दिवाण खरेच तुमच्याकडून मोडला असेल तर?

मग द्यायचे, पण किती? एजंटने लावलेले ११,००० रुपये ही नव्या दिवाणाची किंमत आहे. मोडला तो जुना दिवाण.

तो सहा वर्षांपूर्वी ११,००० ला घेतला असे धरू. फर्निचरच्या घसाऱ्याचे दोन हिशेब व्यवहारात रूढ आहेत. प्राप्तिकराच्या नियमांत फर्निचरची किंमत दरवर्षी शिल्लक रकमेच्या १० टक्क्यांनी कमी होते. त्या हिशेबाने सहा वर्षांनी ती सुमारे ५,८५० रुपये उरते. कंपनी कायद्यातील अनुसूची फर्निचरचे आयुष्य साधारण १० वर्षे धरते. दरवर्षी सारखी वजावट केली तर उरतात ४,४०० रुपये. हे नियम भाड्याच्या वादासाठी लिहिलेले नाहीत, पण जुनी वस्तू जुन्याच किमतीची, हे दाखवायला कोणीही नाकारू शकणार नाही असा आधार देतात.

तेवढेही द्यावे लागेलच असे नाही. सुताराने १,८०० रुपयांत फळी बदलून दिली तर खरे नुकसान १,८०० रुपये. दुरुस्ती होण्यासारखी असताना नव्या वस्तूची किंमत मागणे म्हणजे मालकाने तुमच्या पैशाने फर्निचर नवे करून घेणे.

तर परिचारिकेच्या यादीत फळीचे १,८०० आणि फार तर कूलरच्या पंपाचे काही शे रुपये उरतात. १९,००० ची यादी अडीच हजारांच्या आत येते.

पण करारातच लिहिले असेल, ‘नुकसान झाल्यास डिपॉझिट जप्त’?

करार कायद्याचे कलम ७४ इथे महत्त्वाचे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे लिहिलेले असले, तरी मिळते ती फक्त वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात जानेवारी २०१५ मध्ये हाच नियम स्पष्ट केला. तिथे भूखंडाच्या व्यवहारातील ७८ लाख रुपयांची इसारा रक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती. प्राधिकरणाचे नुकसान झालेलेच नाही, तर भरपाई कशाची, असा न्यायालयाचा सूर होता. नुकसान झालेले असावे लागते, तरच भरपाई. ७८ लाखांना लागू झालेले तत्त्व २० हजारांनाही लागू होते.

शंभराच्या स्टॅम्पवरचा ‘अकरा महिन्यांचा करार’

या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हा. एजंट सांगतो, ‘११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही.’ मग स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर, नोटरीचा शिक्का आणि दोन सह्या. काम झाले!

११ महिन्यांची ही पळवाट १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम ५५ वेगळे सांगते. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भाडेकरूसाठी त्याहून मोलाचे वाक्य त्याच कलमात आहे : नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे ‘रंगकामाचे पैसे द्यायचे ठरले होते’ असे मालक म्हणतो आणि ‘असे काही ठरले नव्हते’ असे तुम्ही म्हणता, तर सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. नोंदणीचे पैसे वाचवणारा मालक इथे स्वतःच्याच जाळ्यात अडकतो. अर्थात, ‘उलट सिद्ध होत नाही तोवर’ हे शब्द विसरू नका. तुम्हीच व्हॉट्सॲपवर ‘हो, रंगाचे देतो’ असे लिहिले असेल, तर ते सिद्ध करायला वेळ लागत नाही.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. घर गावखेड्यात असेल तर तिथे तो लागू आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

जाता जाता थोडा इतिहास. हा कायदा ३१ मार्च २००० ला अमलात येण्यापूर्वी राज्यात एक नव्हे, तीन भाडे कायदे होते. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात निजामाच्या राज्याचा वारसा असलेला १९५४ चा हैदराबाद कायदा, आणि यवतमाळसह विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळातला १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. घरातल्या ज्येष्ठांना ‘रेंट कंट्रोलर’ हा शब्द आठवतो, तो त्या आदेशामुळे.

नोंदणी महागही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, यांच्या बेरजेवर पाव टक्का. ७,००० रुपये भाडे, ११ महिने आणि २०,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी आणि हाताळणी शुल्क वेगळे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर हे काम आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या होते. त्या करारात फर्निचर आणि उपकरणांची यादी भरता येते. बहुतेक जण ती कोरी सोडतात किंवा ‘पंखा २, ट्यूब २’ लिहून मोकळे होतात. खरे तर तिथे ‘बॉक्स दिवाण, पार्टिकल बोर्ड, डाव्या बाजूची कड फुगलेली’ असे लिहायला हवे.

फोटो आहेत, पण ते पुरावा ठरतील का?

ठरतात, पण कसे ठेवले यावर बरेच अवलंबून असते. खोली ताब्यात घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करा, प्रत्येक वस्तू जवळून दाखवा, दिवाणाचे झाकण उचलून आतली बाजूही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कोणत्या फोनने काढला ही माहिती त्यातून निघून जाते. म्हणून मूळ फाइल फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवा. पण तीच फाइल मालकाला आणि एजंटला व्हॉट्सॲपवरही पाठवा, शक्यतो ‘डॉक्युमेंट’ म्हणून. पहिल्याने फोटो खरा असल्याचे दिसते, दुसऱ्याने समोरच्याला तो त्या दिवशी मिळाला हे दिसते. दोन्ही लागतात.

प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू होते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंकांतला ठसा, नमूद करावा लागतो. फाइल नंतर क्रॉप केली किंवा फिल्टर लावला की हा ठसा बदलतो. तेव्हा मूळ फाइलला हात लावू नका.

पैसे परत मिळवायचे तर कुठे जायचे?

पहिले पाऊल फुकट आहे. मालक आणि एजंट दोघांनाही एकच लेखी मागणी पाठवा : प्रत्येक कपातीचे बिल, फोटो आणि वस्तू केव्हा, कितीला घेतली ते कळवा, अमुक रक्कम मला मान्य आहे, बाकी १५ दिवसांत परत करा. यातली ‘अमुक रक्कम मान्य’ ही ओळ टाळू नका. फळी खरोखर मोडली असेल तर १,८०० मान्य करणाऱ्याचे बाकीचे म्हणणे अधिक खरे वाटते. ही मागणी स्पीड पोस्टनेही पाठवा, पावती ठेवा. अनेक यादीबहाद्दर एजंट याच टप्प्यावर ‘बसून बोलू’ म्हणतात.

त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. इथे नीट समजून घ्या. मालक-भाडेकरू यांच्यातला निव्वळ भाड्याचा वाद ग्राहक आयोग सहसा घेत नाही. पण एजंटने दलाली घेतलेली असते. मोबदला घेऊन सेवा दिली, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार त्याच्याविरुद्ध करता येते. दलालीची पावती नसेल तर यूपीआयची नोंद चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पण या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करण्याची सोय दिली आहे. शिक्षण संपवून पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा यवतमाळच्या एजंटविरुद्ध पुण्यात तक्रार करू शकतो. बाहेरगावी गेलेला माणूस परत येणार नाही, या हिशेबाने कापाकापी करणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

मालकाकडूनच पैसे हवे असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून खटला दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे तडजोड झाली तर ती दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; हेल्पलाइन १५१००. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या परिचारिकेला वकिलाच्या फीची चिंता करण्याचे कारण नाही. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा, त्याला तीन वर्षांची मुदत. मात्र १७ हजारांसाठी वर्षानुवर्षे तारखा घेणे परवडत नाही, हेही तितकेच खरे.

पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हा दिवाणी वाद आहे’ हेच उत्तर बहुधा मिळेल. पण एजंटने तुमचे सामान अडवले, तुम्ही राहत असताना कुलूप बदलले, धमकावले, तर मात्र तक्रार द्या. वीज-पाणी तोडणे हे तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नेच मना आहे.

डिपॉझिट मिळेपर्यंत किल्लीच दिली नाही तर?

मित्रमंडळी हा सल्ला हमखास देतात. तो महागात पडू शकतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने पैसे मागू शकतो. २०,००० अडकले म्हणून महिन्याला १४,००० चे देणे कशाला चढवून घ्यायचे? ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’ हा मार्ग मालकाने लेखी मान्य केला असेल तरच वापरावा.

मालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. काही भाडेकरू वीजबिल थकवून, सिंकचा पाइप तोडून, गादीला सिगारेटचे डाग पाडून रातोरात निघून जातात. नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त असेल तर मालकालाही वरची रक्कम मागण्याचा हक्क आहे. त्यालाही तोच नियम लागू : बिल दाखवा, फोटो दाखवा, जुन्या वस्तूची जुनी किंमत लावा.

म्हणून किल्ली देण्याच्या दिवशी मालक किंवा एजंट समोर असताना घर एकदा फिरून दाखवा, महावितरणच्या मीटरचे रीडिंग फोटोत घ्या आणि साध्या कागदावर दोघांच्या सहीने चार ओळी लिहा : आज अमुक तारखेला इतक्या किल्ल्या मिळाल्या, अमुक वस्तू सुस्थितीत आहेत, दिवाणाची एक फळी तुटलेली आहे, डिपॉझिट २०,००० रुपये, दुरुस्तीचे बिल दाखवून उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत परत. एजंट सही करायला तयार नसेल तर हाच मजकूर तिथेच उभे राहून त्याला आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि किल्ली देतानाचा फोटो त्याखाली जोडा.